डूमने भागाकार कुठे कुठे वाचवला

१० डिसेंबर १९९३ रोजी टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग फुकट वाटायला ठेवला. मंगळाच्या फोबोस आणि डीमोस या चंद्रांवरचे तळ, टेलिपोर्टेशनच्या प्रयोगातून उघडलेलं नरकाचं दार आणि बंदूक घेतलेला एकटा सैनिक, एवढंच कथानक. खरी करामत वेगळीच होती. हा खेळ ज्या संगणकांवर चालत होता, त्यांत त्रिमितीय चित्र काढणारी चिपच नव्हती. ३८६ किंवा ४८६ प्रोसेसर, ४ एमबी मेमरी आणि साधं व्हीजीए कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारं त्या काळचं कार्ड. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, प्रोसेसरलाच काढावा लागे, आणि आवाज, राक्षसांच्या हालचाली, कीबोर्ड हेही त्यालाच सांभाळावं लागे.

आधी हिशेब मांडू, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. पडदा ३२० बाय २०० पिक्सेलचा. खालच्या ३२ ओळी गोळ्या आणि तब्येत दाखवणाऱ्या पट्टीच्या. उरले ३२० गुणिले १६८, म्हणजे ५३,७६० पिक्सेल. व्हीजीएचा पडदा सेकंदाला ७० वेळा उजळतो आणि डूम त्याच्या निम्मी, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रं दाखवतो. म्हणजे सेकंदाला साधारण १८.८ लाख पिक्सेल. ६६ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६.६ कोटी ठोक्यांच्या ४८६ला एका पिक्सेलमागे जेमतेम ३५ ठोके मिळतात, ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ला १७-१८. आणि या प्रोसेसरवर ३२ बिटांचा एक भागाकार सुमारे ४० ठोके खातो.

लांबची वस्तू लहान दिसते ती भागाकारामुळेच: पडद्यावरची उंची म्हणजे खरी उंची भागिले अंतर. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला एकच भागाकार केला, बाकी काहीही केलं नाही, तरी वेळ संपला. डूमची सगळी रचना या एका अडचणीला दिलेलं उत्तर आहे. भागाकार पिक्सेलवरून उचलून रांगेवर न्यायचा, आणि जमेल तिथे खेळ सुरू होण्याच्या कितीतरी आधीच उरकून ठेवायचा. या खेळात जे जे विचित्र वाटतं, ते बहुतेक सगळं या काटकसरीची किंमत आहे.

पहिली काटकसर भिंतींची. डूममधली प्रत्येक भिंत अगदी ओळंब्यात उभी असते आणि खेळाडूची नजर नेहमी समोर, क्षितिजाला समांतर असते. त्यामुळे पडद्यावरचा एक उभा पट्टा घेतला, तर त्यात दिसणाऱ्या भिंतीचे सगळे बिंदू वरपासून खालपर्यंत सारख्याच खोलीवर येतात. मग भागाकार पट्ट्याला एकदाच करायचा. त्यातून कळतं की पडद्यावर एक पिक्सेल खाली सरकल्यावर भिंतीच्या चित्रात किती सरकायचं. पुढे फक्त बेरीज: वाचा, लिहा, मिळवा, खाली या. हे काम करणारं छोटं फंक्शन हा संपूर्ण खेळाचा सर्वांत तापलेला भाग. बाकी जवळपास सगळा खेळ सी भाषेत असताना हे फंक्शन आणि जमीन काढणारं त्याचं आडवं भावंड तेवढं असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांत, लिहिलं होतं.

आता खेळाडूने मान वर केली असती, तर पट्ट्याचं वरचं टोक आणि खालचं टोक वेगवेगळ्या खोलीवर गेलं असतं आणि भागाकार पुन्हा पिक्सेलवर आला असता. म्हणून डूममध्ये वर-खाली बघताच येत नाही. उंचावरच्या राक्षसावर नेम आपोआप लागतो, तो नवख्यांना दाखवलेल्या सवलतीपेक्षा या बंधनाची भरपाई म्हणून. पुढे १९९४ मध्ये याच इंजिनवर रेव्हन कंपनीने काढलेल्या ‘हेरेटिक’मध्ये वर-खाली बघता येतं, पण तिथे चित्राचं क्षितिज नुसतं वर-खाली सरकवलेलं असतं. म्हणून नजर फार वर नेली की भिंती ताणल्यासारख्या दिसतात.

दुसरी काटकसर जमिनीची. जमीन आणि छत सपाट, उतार कुठेच नाही. त्यामुळे पडद्यावरच्या एका आडव्या ओळीतले एकाच जमिनीचे सगळे पिक्सेल सारख्या खोलीवर असतात. भिंतीला उभं काढायचं, जमिनीला आडवं. जमिनीचे आणि छताचे नमुने ६४ बाय ६४ पिक्सेलचे, म्हणजे बरोबर ४,०९६ बाइटचे. दोनाचा घात असल्याने कडेला पोचल्यावर परत सुरुवातीला येण्यासाठी तुलना करावी लागत नाही, नको असलेले बिट पुसले की झालं.

अडचण एकच: भिंती काढता काढता जमिनीचे तुकडे वेडेवाकडे उरतात. ते लक्षात ठेवायला डूम ‘व्हिजप्लेन’ नावाची नोंद करतो. एक उंची, एक नमुना, एक उजेड, आणि प्रत्येक पट्ट्यात हा तुकडा कुठून कुठपर्यंत आहे ते. मूळ खेळात अशा १२८ नोंदींची जागा आहे. मोठ्या दालनात खांब, पायऱ्या आणि वेगवेगळ्या उजेडाचे चौकोन एका नजरेत आले की ही जागा संपते, आणि खेळ चूक पोटात घालत नाही, सरळ बंद पडून डॉस या त्या काळच्या प्रणालीवर परत येतो. नकाशे बनवणाऱ्यांना सर्वाधिक छळलेली मर्यादा हीच.

तिसरी काटकसर माझ्या मते सर्वांत देखणी. काय आधी काढायचं हे ठरवणं. ‘ई१एम१’ या पहिल्या नकाशात ४७५ रेषा आहेत. चित्राला चित्र या सगळ्या रेषा तपासायच्या, अंतराने लावायच्या आणि लांबच्या आधी काढून त्यावर जवळच्या काढायच्या, तर बरेच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवले जातात. आयडीचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने यासाठी बायनरी स्पेस पार्टिशनिंग, म्हणजे बीएसपी, ही पद्धत घेतली. तिची मुळं १९६९च्या संशोधनात आहेत आणि १९८० मध्ये फुक्स, केडेम आणि नेलर यांनी तिला आजचं रूप दिलं.

ती अशी समजून घ्या. कागदावर नकाशा काढा. त्यातली एक भिंत निवडा आणि ती दोन्ही बाजूंना लांबवून कागदाचे दोन भाग करा. मधे येणाऱ्या भिंती त्या रेषेवर तोडा. मग प्रत्येक भागात पुन्हा तेच. तुकडा बहिर्वक्र झाला, म्हणजे त्यातली कुठलीच भिंत त्याच तुकड्यातल्या दुसऱ्या भिंतीला झाकू शकत नाही अशी स्थिती आली, की थांबा. ई१एम१मध्ये असे २३७ तुकडे होतात आणि ते पाडणाऱ्या २३६ छेदरेषा. हे कापाकापीचं काम नकाशा बनवतानाच होतं आणि त्याचं झाड फाइलमध्ये लिहून ठेवतात.

खेळताना मग प्रश्न एकच: खेळाडू या छेदरेषेच्या कुठल्या बाजूला आहे? ज्या बाजूला असेल ती बाजू आधी बघायची, पलीकडची नंतर. झाडाच्या शेंड्यापर्यंत असं उतरत गेलं, की खेळाडू कुठेही उभा असो, भिंती जवळून लांब अशा अचूक क्रमाने हाती येतात. क्रमवारी लावायची गरजच उरत नाही. सोबत डूम ३२० पट्ट्यांची एक यादी ठेवतो: कुठले पट्टे भरीव भिंतीने बंद झाले. झाडाची एखादी फांदी पूर्णपणे बंद पट्ट्यांच्या आड असेल तर तिच्यात शिरायचंच नाही, आणि सगळे पट्टे बंद झाले की काम संपलं. भिंत, जमीन, छत यांचा कुठलाही पिक्सेल दोनदा रंगवला जात नाही. फक्त राक्षस, पिंपं, जाळ्या अशा आरपार दिसणाऱ्या गोष्टी शेवटी, लांबून जवळ अशा उलट क्रमाने काढतात.

याची किंमत दोन ठिकाणी दिसते. झाड आधीच बांधलेलं असल्याने खेळ चालू असताना रेषा जागची हलू शकत नाही. उंची मात्र झाडात नसतेच, ती बदलायला मोकळीक आहे. म्हणून डूममध्ये बिजागरीवर उघडणारं एकही दार नाही. सगळी दारं वर उचलली जातात, लिफ्ट खाली जातात, छत डोक्यावर येतं. आणि मूळ नकाशा कागदासारखा सपाट असल्याने एका जागेला एकच जमीन आणि एकच छत. वाड्याचा दिवाणखाना आणि त्याच्यावरची माडी असं डूममध्ये बांधताच येत नाही. जिथे पूल वाटतो तिथे नीट बघा: त्याच्याखालून कधीच जाता येत नाही.

वस्तूंच्या धडकेतही उंचीचा विचार बराचसा सोडून दिलेला आहे. हवेत तरंगणाऱ्या राक्षसाच्या खालून तुम्ही जाऊ शकत नाही, कारण तुमच्या चालण्यापुरता तो जमिनीपासून आभाळापर्यंतचा खांब असतो. स्फोटाचं अंतरही फक्त लांबी-रुंदीवर मोजतात, त्यामुळे पिंप फुटलं की उंच कट्ट्यावरचाही होरपळतो.

आकडेमोडीकडे वळू. ३८६ला आणि ४८६एसएक्सला अपूर्णांकांचं वेगळं यंत्र नव्हतं, म्हणून डूम सगळे अपूर्णांक पूर्णांकांतच लिहितो. रुपयांचा हिशेब पैशांत ठेवला की दशांशचिन्ह लागत नाही, तसंच. इथे एका ‘रुपयाचे’ ६५,५३६ ‘पैसे’ होतात: ३२ बिटांपैकी वरचे १६ पूर्ण भागाला, खालचे १६ अपूर्णांकाला. साइन-कोसाइन काढायचे नाहीतच. पूर्वी शाळेत पावकी-निमकी पाठ असायची, तशी पूर्ण वर्तुळाचे ८,१९२ भाग करून त्यांची कोष्टकं आधीच तयार आहेत. नुसतं बघायचं आणि उचलायचं.

उजेडाचंही कोष्टकच. पडद्यावर एका वेळी २५६ रंग. एखादा रंग अंधारात कसा दिसेल हे गुणाकाराने काढण्याऐवजी प्रत्येक रंगाची ३२ पायऱ्यांची उतरंड आधीच मांडून ठेवली आहे. खोलीचा उजेड आणि अंतर यांवरून पायरी ठरते, आणि पिक्सेल काढताना एक जास्तीचं वाचन तेवढं लागतं. यात एक बारकावा फार सुंदर आहे: नकाशात पूर्व-पश्चिम जाणारी भिंत एक पायरी काळसर, उत्तर-दक्षिण जाणारी एक पायरी उजळ काढतात. खोलीत दिवा नसतानाही कोपरा उठून दिसतो तो यामुळे.

कोष्टकांचा आणि पूर्णांकांचा आणखी एक फायदा झाला. दोन संगणकांना तीच बटणं, त्याच क्रमाने दिली की दोन्हींवर खेळ हुबेहूब सारखा घडतो. ‘यादृच्छिक’ आकडेही २५६ आकड्यांच्या ठरलेल्या यादीतून क्रमाने येतात. म्हणून चौघांच्या नेटवर्क खेळात राक्षस कुठे आहे हे कुणी कुणाला कळवत नाही, फक्त कोणी काय दाबलं तेवढं पाठवतात. खेळाचं ध्वनिमुद्रणासारखं जे ‘डेमो’ मुद्रण होतं, त्यातही एका खेळाडूचे सेकंदाच्या ३५व्या भागाला फक्त ४ बाइट असतात, म्हणजे सेकंदाला १४०. मात्र खेळाची आवृत्ती बदलली की जुना डेमो मधेच भरकटतो आणि सैनिक भिंतीवर गोळ्या झाडत बसतो. एका ठिकाणी एक आकडा वेगळा पडला की पुढचं सगळं वेगळं.

आता पिक्सेल प्रत्यक्ष पडद्यावर जातो कसा, ते. पीसीच्या स्पर्धेतल्या, कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकांना डूम का झेपला नाही हे समजायचं असेल तर हे नीट पाहावं लागतं. डूम व्हीजीएला ज्या पद्धतीने वापरतो, त्यात चित्राची मेमरी चार खणांत वाटलेली असते. पट्टा ०, ४, ८, १२... पहिल्या खणात, १, ५, ९... दुसऱ्यात, असं. उभा पट्टा पूर्णपणे एकाच खणात येतो. म्हणून खण एकदाच निवडायचा आणि ८० बाइटच्या उड्या मारत खाली यायचं. एफ५ दाबून चित्राचा बारकावा कमी केला की दोन शेजारचे खण एकदम उघडतात आणि एका लिखाणात दोन पिक्सेल रंगतात. ३८६वर हा खेळ सुसह्य होतो तो या कळीमुळे. पडद्यावरची खिडकी वजाच्या कळीने लहान करणं हा दुसरा उपाय.

इथे एक पिक्सेल म्हणजे एक बाइट. अमिगा १२००मध्ये तसं नव्हतं. १९९२ चं हे यंत्र २५६ रंग दाखवू शके, पण पिक्सेलचे आठ बिट मेमरीत आठ वेगळ्या पटलांवर ठेवलेले. सरकणाऱ्या द्विमितीय खेळांना ही रचना वरदान होती, आणि त्या प्रकारात अमिगा पीसीच्या कितीतरी पुढे होता. पण पट्टा पट्टा काढणाऱ्या खेळाला एका पिक्सेलसाठी आठ जागी हात घालणं परवडत नाही. मग बाइटच्या रूपात चित्र काढून शेवटी ते पटलांत फिरवायचं, असा जादा खटाटोप. प्रोसेसर १४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे वरच्या हिशेबाने एका पिक्सेलमागे साडेसात ठोके. कमोडोरने सीडी३२ या यंत्रात याच रूपांतरासाठी ‘अकिको’ चिप घातली, पण एप्रिल १९९४ मध्ये कंपनीच बुडाली. तरीही १९९५ मध्ये टीम१७चा ‘एलियन ब्रीड थ्रीडी’ आणि ब्लॅक मॅजिकचा ‘ग्लूम’ हे खेळ अमिगावर आले, मोठ्या पिक्सेलांची तडजोड करून. त्या यंत्रावर ते चालणं हाच पराक्रम होता. खुद्द डूम अमिगावर पोचला तो २३ डिसेंबर १९९७ रोजी आयडीने त्याचा सोर्स कोड खुला केल्यानंतर, आणि तोही जास्त वेगवान प्रोसेसर बसवलेल्या यंत्रांवर.

हे सगळं आज स्वतः पडताळून पाहता येतं. फुकट पहिल्या भागाची डूम१.वॅड ही फाइल (१.९ आवृत्तीत ४१,९६,०२० बाइट) आणि ‘चॉकलेट डूम’ हा प्रोग्राम पुरतो. चॉकलेट डूम मुद्दाम मूळ खेळाच्या मर्यादांसकट बनवलेला आहे, म्हणून शिकायला तोच घ्यावा. खेळताना चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा: मूळ पिक्सेल चौरस नव्हते, रुंदीच्या १.२ पट उंच होते. ही दुरुस्ती बंद केली की राक्षस बुटके आणि फताडे दिसतात.

खेळ सुरू करून टॅब दाबा. नकाशा उघडेल. आता आय-डी-डी-टी ही इंग्रजी अक्षरं ओळीने टंका: सगळ्या रेषा दिसतील. पुन्हा तीच टंका: सगळ्या वस्तू त्रिकोण होऊन दिसतील. ज्याला तुम्ही त्रिमितीय तळ समजत होता, तो हा सपाट कागद. मग नकाशा बंद करून आय-डी-एस-पी-आय-एस-पी-ओ-पी-डी टंका. भिंतींतून आरपार जाता येईल. बाहेरच्या भिंतीतून निघून मागे वळलात की चित्र चिकटत, लांबत जाईल. डूम चित्र काढण्याआधी पडदा पुसत नाही, कारण बंद खोलीत प्रत्येक पिक्सेल रंगणारच असतो. पुसणं ही वाया जाणारी मेहनत. बाहेर रंगवायला भिंतच नाही, म्हणून मागचं चित्र तसंच राहतं. आरशांच्या दालनाचा परिणाम म्हणतात तो हाच, आणि एखाद्या घरगुती नकाशात तो दिसला की बहुधा भिंतीला चित्र द्यायचं राहिलेलं असतं किंवा एका नजरेत भिंतींचे २५६पेक्षा जास्त तुकडे आलेले असतात.

वेग मोजायचा असेल तर खेळ ‘-टाइमडेमो डेमो३’ ही जोड देऊन सुरू करा (अर्थात रोमन अक्षरांत). शेवटी दोन आकडे मिळतील: २१३४ गेमटिक (डेमोतले सेकंदाचे ३५वे भाग) आणि अमुक रिअलटिक (प्रत्यक्षात लागलेला वेळ, त्याच मापात). पहिल्याला दुसऱ्याने भागून ३५ने गुणा, सेकंदाला किती चित्रं निघाली ते कळेल. ४२६८ रिअलटिक आले तर साडेसतरा. जुना पीसी दुरुस्त करणाऱ्यांसाठी ही कसोटी अजून कामाची आहे: प्रोसेसर चांगला असून आकडा पडतो तेव्हा बहुतेकदा दोष जुन्या आयएसए खाचेतल्या ग्राफिक्स कार्डाचा असतो, कारण प्रत्येक पिक्सेल त्या अरुंद वाटेनेच जातो. मूळ खेळ डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवताना आवाज येत नसेल तर सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर निवडून पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ द्या. डॉसबॉक्सची मूळ मांडणी तीच आहे.

स्वतःचा नकाशा करायचा तर काही मापं लक्षात ठेवा. खेळाडू ५६ एकक उंच आणि ३२ रुंद, डोळे ४१वर. पायरी २४ एककांपर्यंत चढता येते, २५ला अडतो. ३२ रुंदीच्या बोळात तो अडकतो, म्हणून वाट ६४ची ठेवावी. १२८पेक्षा कमी उंचीचं चित्र त्याहून उंच भिंतीला लावलं की खाली रंगीबेरंगी ठिपके येतात, कारण पट्टा काढणारं फंक्शन चित्राची उंची १२८च धरून चालतं आणि शेजारची भलतीच मेमरी रंग म्हणून वाचतं. नकाशा बदलल्यावर बीएसपीचं झाड पुन्हा बांधायला विसरू नका. नकाशे बनवायचे आजचे प्रोग्राम ते जतन करतानाच बांधतात. एखाद्या कोपऱ्यापासून जमिनीचा पिक्सेलभर रुंद ओघळ भिंतीवर चढलेला दिसला, तर तुमच्या रेषा चुकलेल्या नाहीत. झाड बांधताना तुटलेल्या भिंतीचं टोक पूर्णांकावर आणलं गेलं आणि ती मूळ रेषेवरून केसभर हलली. जवळची एखादी रेषा थोडी सरकवून झाड पुन्हा बांधलं की छेद दुसरीकडे पडतो आणि ओघळ जातो.

फुकट आवृत्तीत बाहेरचे नकाशे चालत नाहीत, खेळ ते थेट नाकारतो. पूर्ण खेळ विकत घ्या, किंवा ‘फ्रीडूम’ची मुक्त चित्रं-आवाज वापरा आणि सोबत मर्यादा वाढवलेला ‘क्रिस्पी डूम’ घ्या. आपल्या नकाशात व्हिजप्लेनची नोंद १२८च्या आत बसते का, हे बघायला मात्र पुन्हा चॉकलेट डूमकडेच या, आणि सर्वांत मोठ्या दालनाच्या प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून एकदा गोल फिरा.